उणे अडीच

वणी–मुकुटबन रस्त्यावर, जिथं कोळशाचे ट्रक
डांबराला रोज नवे खड्डे पाडतात,
तिथं माझं दुकान. दोन नाल्या, एक दोरी, एक ओळंबा,
पत्र्यावर माझ्याच हातानं रंगवलेलं : व्हील अलाइनमेंट.
एकतीस वर्षं मी गाड्या सरळ करतो.
स्टिअरिंग सोडून दाखवा, म्हणतो गिऱ्हाइकाला.
नाकासमोर गेली, तरच पैसे.

सुनैना मडावी आली टँकरच्या मागं साखळीनं
भंगारातली पद्मिनी ओढत.
"काका, हिले आडवी चालवाची हाय."
आडवी म्हणजे?
"तोंड एकीकडं, न् जाणं एकीकडं."
मी म्हटलं, अशी माणसं लय पाह्यली बाई, गाडी नाही.
ती हसली नाही. सीटखालून वही काढली.

पुढची चाकं वरून आत झुकवायची. उणे अडीच अंश.
असं चाक घेऊन कोणी आलं असतं
तर विचारलं असतं, कोणत्या पुलाले ठोकली?
"वळणात गाडी कलते ना, काका,
तवा हे चाक जमिनीले सपाट बसन."
म्हणजे उभी असताना वाकडं
आणि पडायला आली की सरळ.
मी ओळंबा सोडला. चकत्या सरकवत गेलो एक-एक,
कागदाएवढ्या पातळ,
आणि पहिल्यांदाच चुकीच्या बाजूला
बरोबर मोजत होतो.

पुढच्या स्प्रिंगचा एक वेढा कापला.
मागं पाट्यांत एक पाटा वाढवला, मेटॅडोरचा.
रऊफनं डिफरन्शिअल उघडून आतले दाते
वेल्डिंगनं एकमेकांत विरघळवले,
आता मागची दोन्ही चाकं एकच हट्ट धरणार.
पुढं नवे टायर, चंद्रपूरहून आणलेले, रोख.
मागं माझ्याच ढिगातले गोटे,
"फेका हे, जीव जाईल" असं सांगून
ज्यांच्या गाडीचे मी उतरवले,
त्यांतले कोणतेही दोन.
हवा मागं पंचेचाळीस, पुढं अठ्ठावीस.
रऊफ म्हणे, फुटलं तर मी इथं नव्हतो.

जिनिंगचं आवार मे महिन्यात रिकामं असतं.
कापसाच्या गंज्या गेल्या, फरशी तेवढी पांढरी उरली
आणि भिंतीच्या कडेला चिकटलेली रुई.
चौकीदार डोमाजी म्हणाला, पाणी मार थोडं, घसरन बरी.
पाच हजार लिटर फाटकाशी उभं होतं.
"ते कायरच्या खेपेचं हाय," ती म्हणाली,
आणि कोरड्यावरच गाडी घातली.

पहिल्यांदा गाडी गरकन फिरली, उलटी उभी राहिली, बंद पडली.
दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा भिंत हातभर उरली
आणि डोमाजीनं खाटेसकट मागं उडी मारली.
मी गेलो. गुडघे टेकले त्या तव्यावर.
पुढचा टायर पाहिला : आतली कड झिजलेली, बाहेरची कोरी.
"पावणेदोन कर," मी म्हटलं. "वहीत लिहिणाऱ्यानं
आपली फरशी पाह्यली नाही."
तिनं अडीच खोडलं. त्याखाली माझा आकडा लिहिला.
एकतीस वर्षांत माझं काही कोणी लिहून घेतलं नव्हतं.

मग ती आडवी गेली.
मागचं ढुंगण पुढं निघालं, चाकं उलट्या दिशेनं वळलेली,
आणि गाडी अशी सावकाश, तिरपी,
जसं कोणी भरली घागर कडेवर घेऊन
अरुंद दारातून निघतं.
धूर, रबराचा वास, आणि त्यात
गेल्या हंगामाची रुई उठली,
अख्ख्या आवारात तरंगत राहिली.
डोमाजी खोकत टाळ्या वाजवत होता.
मी मागच्या टायरवर हात ठेवला.
फोड अजून आहे.

सकाळी एक बोलेरो आली.
"काका, डावीकडं ओढते."
किती, मी विचारलं.
तो म्हणाला, किती म्हणजे?
मी दोरी उचलली. पण आधी
गाडीच्या बाजूला जाऊन उभा राहिलो,
थोडा वेळ,
तिच्याकडं आडवं पाहत.